कासारेंच्या हातची भवानी

उत्तम कासारेंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या घरात महापूर आला होता. महापूर हा शब्द मी जपून वापरतोय. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर भल्या सकाळी गेला आणि मी चप्पल शोधायला वाकलो, तर चप्पलच तरंगत माझ्या पायाशी आली. ओट्याखालचे कांदे एका दिशेला आणि बटाटे दुसऱ्या दिशेला प्रवासाला निघाले होते. बायको सोफ्यावर उभी राहून सूचना देत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या छताला उद्देशून जे बोलत होत्या, ते मला उद्देशून होतं हे स्पष्ट ऐकू येत होतं. अजून दहा मिनिटं गेली असती, तर आमच्या जिन्यावरून मानपाडा रोडपर्यंत होडी चालली असती.

मी तसाच ओल्या पायजम्याने सहदेव पाटलाच्या हार्डवेअरच्या दुकानात धावलो. आम्ही डोंबिवलीच्या त्या भागात नुकतेच राहायला आलो होतो. दुकान उघडं, दिवे लागलेले, उदबत्तीचा धूर, आणि सहदेवच्या नाकासमोर वायसरांची अख्खी माळ लटकत होती.

"एक वायसर द्या. लवकर."

"थांबा जरा," सहदेव म्हणाला.

"अहो, घरात पाणी भरतंय!"

"भरूंद्या. भवानी व्हायचीय."

"मग करा ना माझ्या हातची! हे घ्या पैसे."

हातगाडीवरचा आंबा दाबून परत ठेवतात, तसं त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा हात कसा हाय, ते आपल्याला म्हायती नाय ना. नवीन हाव तुमी."

मी रस्त्यावर पाहिलं, तर सगळीकडे तीच स्थिती. शटर वर, दिवे चालू आणि विक्री बंद. फुटपाथवर भाजीवाल्या गंगुबाईने मेथीवर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि एका गिऱ्हाइकाला ती "दम धर की बाई" म्हणून दटावत होती. स्टेशनरीवाला, बांगड्यांवाला, फरसाणवाला, सगळे एकाच कोपऱ्याकडे डोळे लावून बसले होते. मला वाटलं, आता कोणी मोठे महाराज येणार. भगवी गाडी, मागे शिष्य, निदान एखादा शंख.

कोपऱ्यावरून एक बुटका, सडपातळ माणूस आला. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, हातात नायलॉनची पिशवी, आणि दाढ काढायला निघालेल्या माणसाचा चेहरा. तो सहदेवच्या दुकानात शिरला. "एक स्क्रू द्या," म्हणाला आणि एक नाणं सहदेवच्या तळहातावर ठेवलं. सहदेवने ते नाणं डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, वजनकाट्याला लावलं आणि मग प्रसन्न होऊन माझ्याकडे वळला. "बोला शेट, काय पायजे?"

त्या माणसाने माझ्या गळणाऱ्या पायजम्याकडे बघितलं. "सॉरी हं," तो म्हणाला, "माझ्यामुळे खोळंबलात."

अख्ख्या रस्त्यावर माझ्या महापुराबद्दल वाईट वाटलेला हा एकमेव माणूस. हेच उत्तम कासारे.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच गोष्टी करायच्या होत्या. सकाळी शांतपणे पेपर वाचायचा आणि रविवारी विहारात वंदनेला जायचं. घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी फ्रेम केलेल्या बावीस प्रतिज्ञा. नवस, मुहूर्त, शकुन या गोष्टींना त्या घरात चहासुद्धा मिळाला नसता. अशा माणसाच्या हाताला शकुन चिकटावा, ही गंमत ज्याने कोणी केली, त्याला विनोदाची चांगली जाण असली पाहिजे.

झालं होतं ते एवढंच. सहदेवचं दुकान नवीन असताना एका सकाळी कासारेंनी त्याच्याकडून खिडकीसाठी एक नटबोल्ट घेतला. त्याच दुपारी एक कंत्राटदार आला आणि निम्मं दुकान उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सहदेवने मुद्दाम कासारेंना हाक मारून एक खिळा विकला, तर दुसरा कंत्राटदार आला. तेव्हा मानपाड्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उगवत होते. कंत्राटदार डासांसारखे फिरत होते. कासारेंच्या जागी एखाद्या म्हशीने भवानी केली असती, तरी सहदेवचा माल खपला असता. पण सहदेवला टॉवर दिसले नाहीत, कासारे दिसले. त्याने फरसाणवाल्याला सांगितलं, फरसाणवाल्याने बांगड्यांवाल्याला, आणि महिनाभरात अख्ख्या रस्त्याची दिवसाची पहिली विक्री कासारेंच्या हातून होऊ लागली.

तिचे नियमही ठरले. भवानी रोख झाली पाहिजे. मोबाईलने पैसे पाठवले तर चालत नाहीत, कारण त्यात हात कुठे लागला? घासाघीस करायची नाही. उधार नाही. आणि पैसा त्यांचाच पाहिजे. एकदा बांगड्यांवाल्या विनीतला कासारेंची दया आली. "काका, मीच तुम्हाला सुट्टे देऊन ठेवतो, त्यातलेच मला द्या," तो म्हणाला. यावर सहदेवच्या दुकानात मोठा शास्त्रार्थ झाला. निकाल सहदेवनेच दिला. "आपलाच पैसा फिरून आपल्याकडं, म्हंजे घरच्याने घरच्याला दिल्यासारका. घरच्याची भवानी चालत नाय." यावर अपील नव्हतं.

त्यामुळे कासारे रोज सकाळी पदरमोड करून एक स्क्रू, एक खोडरबर, एक कढीपत्त्याची काडी आणि एक शेवपुडी घेऊन घरी येत. विनीतकडे सगळ्यात स्वस्त काय, तर कंगवा. कासारेंच्या डोक्यावर केस नावालाही नव्हते आणि घरात कंगव्यांचा एक डबा भरला होता.

"लोकांच्या देवाला भक्त नारळ आणून देतात," त्यांच्या पत्नी मायाताई मला म्हणाल्या. "आमचा देव स्वतःच पिशवी घेऊन खरेदीला जातो."

"अगं, किती वेळा सांगितलं मी त्यांना, आमच्यात असलं काही नसतं म्हणून," कासारे म्हणाले.

"मग काय म्हणाले?"

"सहदेव म्हणाला, तुमच्यात नसंल हो, पण तुमच्या हातात हाय."

विहारातले आबा खंडागळे, निवृत्त हेडमास्तर, त्यांना सोडत नसत. "काय हो उत्तम, बाबासाहेबांनी आपल्याला देवांच्या तावडीतून सोडवलं आणि तुम्ही खुद्द देव होऊन बसलात?"

"आबा, मी बसलो नाही. मला बसवलाय."

"मूर्तीसुद्धा हेच म्हणत असणार," आबा म्हणाले.

सुटायचे प्रयत्न कासारेंनी पुष्कळ केले. बिल्डिंगच्या मागच्या फाटकातून, नाल्याकडेने सटकून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी गंगुबाईने आपली टोपली त्या फाटकाशीच मांडली. तापाने पडले, तर सगळा रस्ता माल घेऊन त्यांच्या खाटेशी आला. "उठू नका, उठू नका, पडल्या पडल्याच द्या," म्हणत सगळ्यांनी तळहात पुढे केले. सहदेवने त्यांच्या तापाने फणफणलेल्या हातातून नाणं घेतलं आणि "गरम हाय, चांगलं हाय," म्हणाला.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, सरळ नाही म्हणा ना. काय करतील?"

कासारे पिशवीचे बंद गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावी, गुहागरकडे, दुकानात माझा बाप पैसे पायरीवर ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. दुकानदार पाणी शिंपडायचा, मग पैसे उचलायचा. मी बघितलंय ते. आणि हा सहदेव म्हणतो, गल्ल्यावर ठेवू नका, माझ्या हातातच द्या. आता याला नाही कसं म्हणू, सांगा."

मी त्यांच्या पिशवीतून पडलेला स्क्रू उचलला आणि त्यांच्या हातातच दिला.

त्यांची मुलगी स्वप्ना ठाण्याला कोलशेतला राहायची. ती आणि जावई दोघंही नोकरीला, आणि घरात नुकतंच तान्हं बाळ आलेलं. तिने नवीन घरात एक खोली आईबाबांसाठी मोकळी ठेवली होती. खिडकीतून खाडीकडची झाडं दिसायची. मायाताईंनी त्या खोलीसाठी पडदे शिवून ठेवले होते. तिची बाळंतपणाची रजा संपायच्या आत दोघांनी कायमचं तिकडे जायचं, असं ठरलं. कासारेंनाही जायचं होतं. नातवाचा फोटो ते मला रोज दाखवत, आणि तो रोज तोच फोटो असे.

पहिल्यांदा दोघं गेली, ती कोणाला न सांगता. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता स्वप्नाच्या बिल्डिंगखाली रिक्षा उभी राहिली. आत सहदेव, विनीत, आणि मध्ये गंगुबाई, मांडीवर टोपली.

"सहदेव, खरं सांगा," कासारे म्हणाले, "मी नव्हतो तर माल खपला नाही का?"

"खपला ना. खोटं कशाला बोलू? गल्ला भरला," सहदेव म्हणाला. "पण भरल्यासारका वाटला नाय."

"म्हंजे दादा," गंगुबाई म्हणाली, "पोट भरलं पर जेवल्यावानी न्हाई झालं."

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही कोर्टात उत्तर नाही. कासारे रिक्षात बसले. मायाताई मागून बसने आल्या.

परत आल्यावर चार दिवस ते रोजच्यासारखे स्क्रू आणि कंगवे घेत फिरले. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले ते डोळे चमकवत. "सापडलं," म्हणाले. "यांच्याच नियमात सापडलं. ज्याची स्वतःची भवानी झालेली नाही, तो दुकानदार पैसा बाहेर काढत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी दुकान काढतो!"

तळमजल्यावरच्या त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती. तिच्यात त्यांनी फळी ठोकली आणि पाटी लावली: मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करून मिळतील. बेत असा की गिऱ्हाईक येणार नाही, भवानी होणार नाही, म्हणून खिशातून नाणं निघणार नाही. दोन महिन्यांत रस्त्याची सवय मोडेल, की पाटी उतरवायची आणि कोलशेत गाठायचं. मायाताईंना हा बेत पटला नव्हता. "पळून जायचंय आणि आधी दुकान थाटताय," त्या म्हणाल्या. पण त्यांनी फळी पुसून दिली.

पहिल्या सकाळी सहदेव बोलवायला आला. कासारे फळीमागे बसलेले. "माफ करा सहदेव, माझी भवानी व्हायचीय."

सहदेव जागीच थबकला. शास्त्राच्या माणसाला शास्त्राची अडचण लगेच कळते. "मग राहूंदे. तुमचं पयलं होऊंदे," असं अदबीने म्हणून तो परत गेला. त्या दिवशी रस्ता दुपारपर्यंत खोळंबला. कासारे इतके खूश झाले की त्यांनी मला आणि स्वतःला दोनदा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दिवस वर यायच्या आत गंगुबाई मिक्सर घेऊन हजर. तिच्या घरात मिक्सर नव्हता, तो तिने शेजारणीचा आणला होता. "ह्याला काय झालंय?" कासारेंनी विचारलं. "तुमीच बगा," ती म्हणाली. मिक्सर धडधाकट होता. "मग पुसून द्या की, आन् पैसे घ्या." तिने पैसे फळीवर टाकले नाहीत, हातात दिले. झाली भवानी. बाहेर सहदेव उभाच होता.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी पहाटे इस्त्री घेऊन येऊ लागलं. आधी चांगल्या इस्त्र्या आल्या, मग बिघडलेल्या. मग सहदेवच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या, मग टॉवरमधल्या बायकांचे महागडे ज्यूसर. कासारे फिटर पक्के होते, हात साफ होता. खिडकीशी रांग लागू लागली. दोन महिन्यांत बंद पडायला काढलेलं दुकान सहा महिन्यांत इतकं चाललं, की जेवायला उठता येईना. स्वप्नाची रजा कधीच संपली होती. स्वप्ना फोन करायची. "या आठवड्यात कामं जरा जास्त आहेत गं," कासारे म्हणायचे.

बदल आधी मायाताईंना दिसला. मला दिसला तो एका मंगळवारी. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक नोट देऊन गेलं आणि कासारेंचा हात ती नोट घेऊन वर गेला. डोळ्यांपर्यंत नाही, हनुवटीपर्यंत. तिथे तो थांबला. त्यांनी हनुवटी खाजवली आणि नोट डब्यात टाकली. पुढच्या आठवड्यात हात नाकापर्यंत गेला. मग एके दिवशी एक ओळखीचा पोरगा म्हणाला, "काका, सुट्टे नाहीत, संध्याकाळी देतो." तेव्हा एरवी कोणालाही नाही न म्हणणारे कासारे म्हणाले, "नंतर ये रे बाबा. आधी भवानी होऊ दे."

मायाताई आतून बाहेर आल्या. त्यांनी भिंतीवरच्या प्रतिज्ञांच्या फ्रेमकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अगं, बोलण्याची पद्धत आहे ती," कासारे म्हणाले. "धंद्यात सगळे म्हणतात."

"आबांना सांगू?"

"आबांना कशाला मध्ये आणतेस?"

शेवटी स्वप्नाने दिवसच ठरवला. "या शनिवारी मी टेम्पो घेऊन येतेय. बाबा, बास आता. सांभाळणारी बाई सोडून गेली. मी किती रजा काढू?" कासारे हो म्हणाले. मनापासून म्हणाले. सगळ्यांचे मिक्सर परत केले, हत्यारं पेटीत भरली. शुक्रवारी त्यांनी सहदेवला स्वतः सांगितलं, "उद्या चाललो. कायमचा."

सहदेव रडला नाही, रागावला नाही. "बरं हाय," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. गाद्या चढल्या, कपाट चढलं. स्वप्ना बाळाला कडेवर घेऊन उभी होती. कासारे इस्त्रीचा शर्ट घालून फळीमागे बसले होते.

"बाबा, चला."

"आलोच. शेवटचा दिवस आहे. एक गिऱ्हाईक होऊ दे, मग पाटी उतरवतो."

गिऱ्हाईक आलं नाही. रोज उजाडायच्या आत लागणारी रांग नव्हती. रस्ता चालू होता, सगळी दुकानं उघडी होती, सहदेव त्याच्या दुकानाच्या दारात शांतपणे दात कोरत बसला होता आणि कासारेंच्या खिडकीकडे कोणी फिरकत नव्हतं. ऊन फळीवर आलं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"बाबा, कशासाठी बसलाय?"

"थांब गं. भवानीशिवाय दुकान बंद करू नये."

"कोण म्हणतं?"

कासारेंनी पैशांच्या डब्याचं झाकण काढून पुन्हा बसवलं.

स्वप्नाने पर्स उघडली. "हे घ्या. माझी इस्त्री बिघडलीय, समजा. हे घ्या आणि उठा."

कासारेंनी हात मागे घेतला. "घरच्याची चालत नाही," ते हळूच म्हणाले. स्वतःचेच शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. पण ते उठले नाहीत. मी खिशात हात घातला. तो त्यांनी बघितला. "तुम्ही नको," म्हणाले. "तुमचा मिक्सर चांगला आहे. मला माहितीय."

गंगुबाईने आणलेला मिक्सरही चांगलाच होता, तेव्हा चाललं होतं.

मी तावातावाने सहदेवकडे गेलो. "अहो, का अडवताय त्या माणसाला?"

"कुनी अडवला?" सहदेव म्हणाला. "आमी तर त्याच्या दुकानात पाय पन ठेवला नाय. उठंल आनि जाईल. त्याच्यात असला काय नसतो ना?"

परत आलो, तेव्हा मायाताई टेम्पोत पुढे बसल्या होत्या, नातवाला मांडीवर घेऊन. कासारेंची कपड्यांची पिशवी त्यांनी खाली काढून फळीवर ठेवली होती. "भवानी झाली की या," त्या म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवला नाही. टेम्पो गेला. त्यानंतर पाचच मिनिटांनी विनीत पंखा घेऊन आला.

याला आता दीड वर्ष झालं. मायाताई कोलशेतला असतात. कासारे सोमवारी तिकडे जाऊन येतात, कारण सोमवारी आमचा रस्ता बंद असतो.